तोंडावर बोट

संभाजीआबा अंगणवाडीच्या दारात आले, ते चपला न काढताच. एका हातात नातीचं मनगट आणि दुसऱ्या हातात टोपी. आबांच्या डोक्यावरची टोपी हातात आली की निरवांगीत माणसं आपापली कुत्री घरात घेतात. आत पोरं गोल करून बसली होती, मधोमध कौसल्याबाई मांडीवर चिंचोक्यांची परडी घेऊन. मागं मदतनीस सरुबाई खिचडी ढवळत होती. तिचा हात थांबला आणि खिचडी लागायला लागली.

"बाई, माझ्या नातीला कशाबद्दल गप बसवलंय तुमी?"

बाईंनी नुसतीच मान वर केली. प्रश्न कळलाच नाही असा चेहरा. आबांना वाटलं, सोंग घेतलंय. त्यांनी संस्कृतीला पुढं ओढलं. पोरीच्या कपाळावर उजवीकडं जांभळं टेंगूळ होतं, चांगलं सुपारीएवढं. आबांनी त्या टेंगळाकडं बोट दाखवलं आणि हात उलटा करून विचारलं, कुणी? संस्कृतीनं लगेच उजव्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

"बघा. काल सांजच्यापास्नं ह्येच चाललंय. आमी इचारायचं कुणी मारलं, आन तिनं तोंडावर बोट ठिवायचं. कुणी दम दिल्याबिगार एवढंसं पोर असं करतंय व्हय?"

बाई म्हणाल्या, की ती पळता पळता चौकटीला धडकली, आणि हे कालच सुप्रियाला, म्हणजे पोरीच्या आईला, सांगितलं होतं. सुप्रियानं मान हलवली होती. आबांनी विचारलं, सांगितलं तेव्हा गिरणी चालू होती का? गिरणी चालू होती.

आता गिरणीबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

रावजीची पिठाची गिरणी अंगणवाडीला भिंत लावून आहे. मध्ये एक वीट, आणि तीही आवाजानं निम्मी झिजलेली. ही गिरणी चालू झाली की निरवांगीत पावसाचा गडगडाट ऐकू येत नाही, अंगावर पाणी पडल्यावर कळतं. एकदा एक वरात बँड लावून गिरणीपुढून गेली. गाव ओलांडल्यावर वाजंत्र्यांच्या ध्यानात आलं, की निम्मे एक गाणं वाजवतायत आणि निम्मे दुसरं. एकदा गिरणीचा पट्टा तुटला तो उडून थेट बावड्याच्या बाजारात जाऊन पडला असं रावजी सांगतो. मी यातलं निम्मंच धरतो, म्हणजे बावड्याच्या अलीकडं कुठं तरी.

अशा आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, पण ऐकू आलं नाही असं म्हणणंही बरं दिसत नाही. म्हणून निरवांगीची माणसं गिरणीपाशी कशालाही मान हलवतात. 'बरं हाय का?' मान. 'म्हस इकता का?' मान. अशा मानेपायी एकाची म्हैस खरोखरच निघाली होती, तेव्हापासून गावात ठरलं, की गिरणीखाली दिलेला होकार धरायचा नाही. सुप्रियाला वाटलं, बाई खिचडीचं काही तरी सांगतायत.

तर या गिरणीच्या भिंतीला कौसल्याबाईंनी उभी हयात पोरं शिकवली. पिंपळीची ही पोरगी लग्न होऊन निरवांगीत आली, नवरा लवकर गेला, पदरात रविराज हा एक मुलगा. अंगणवाडीची नेमणूक मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात बाईंना कळलं, की इथं घसा उपयोगाचा नाही. लाईट आली की गिरणी सुरू, आणि तीन फेजची लाईट नेमकी पोरांच्याच वेळेला. मग त्यांनी हात चालवले. गोष्ट हातांनी, गाणं हातांनी, हजेरीसुद्धा हातांनी. ज्याचे कान सुपासारखे, त्या ज्ञानेशला हाक मारायची तर स्वतःचा कान ओढायचा. सोनम ऊसतोडीच्या टोळीबरोबर लांबून आलेली, तिच्या दोन वेण्या; तर दोन्ही खांद्यांवरून हात फिरवायचा. संदेश पोटावर हात ठेवला की उठायचा. संस्कृतीच्या गालाला खळी होती, म्हणून गालात बोट.

आणि गंमत अशी, की गिरणी बंद असली की ही पोरं चार तऱ्हेची असायची. संदेश बोलताना अडखळायचा, मग बाकीची हसायची. सोनमची बोली वेगळी, ती 'मला पाणी दे' म्हणाली तरी पोरं तिची नक्कल करायची. गिरणी चालू झाली की सगळी एकसारखी. संदेश अडखळत नव्हता, सोनमचं बोलणं परकं वाटत नव्हतं. आणि संस्कृतीला ऐकू येत नाही, हे तर त्या आवाजात कुणाच्या लक्षातही राहत नव्हतं. जगात ही एकच जागा होती जिथं दिवसातून थोडा वेळ सगळं जग तिच्यासारखं व्हायचं.

तिला ऐकू येत नाही हे इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला ते मान्य होतं. बाप दीपक कारखान्यावर कामाला, त्यालाही मान्य होतं. आबांना नव्हतं. आमच्या घरात सगळी उशिराच बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः पाच वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो, आन आता बघा, असं ते म्हणत. त्यावर रावजी म्हणायचा, "बघतोय की. त्ये पाच वर्साचं अजून भरून काढताय."

त्या दिवशी आबांनी टोपी हलवत सांगितलं, की पोरगी उद्यापासून येणार नाही आणि ते इंदापूरच्या मॅडमकडं तक्रार करणार. जाताना संस्कृती मागं बघत बघत गेली. बोट ओठांवर होतं.

गावाला बोलायला विषय पाहिजेच असतो. आधी म्हणाले, बाईंचा हात सुटला असेल. पोरं काय कमी वात आणतात? मग म्हणाले, बाई अलीकडं बदलल्यातच. हाक मारली तरी वळून बघत नाहीत, शिष्ट झाल्यात. ही दुसरी गोष्ट खरी होती. हाक मारली तरी बाई वळत नव्हत्या. रविराज पुण्याहून फोन करायचा तेव्हा म्हणायचा, "आई, हळू बोल की, मला ऐकू येतंय." बाई म्हणायच्या, बरं, आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं बोलायच्या. याचा अर्थ काय ते बाईंना कळलं होतं. त्यांनी तो कुणाला कळू दिला नव्हता. अंगणवाडीच्या बाईला ऐकू येत नाही असं वर समजलं, तर तिच्याकडं पोरं कोण ठेवणार?

सरुबाईला तेवढं माहीत होतं. ती बाईंना काही सांगायचं झालं की उलथनं घेऊन पुढ्यात येऊन उभी राहायची. लोकांना वाटायचं, दोघींचं भांडण चाललंय.

पोरीवाचून गोल उसवल्यासारखा दिसायचा. हजेरीच्या वेळी बाईंचं बोट सवयीनं गालाकडं जायचं आणि मध्येच पदर सावरायचं निमित्त करायचं. सरुबाई म्हणाली, "जावा की त्यांच्या घरी. पाया पडा, मिटवून टाका."

"न केलेल्यासाठी पाया पडले, तर केलेलं म्हनून पडले असं हुईल," बाई म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत.

मग पर्यवेक्षिका प्रमोदिनी मॅडम इंदापूरहून चौकशीला आल्या. त्या दारातून आत आल्या तेव्हा बाई पाठमोऱ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "नमस्कार, कौसल्याताई." बाई चित्रं लावत राहिल्या. मॅडम पुन्हा म्हणाल्या. शेवटी ज्ञानेशनं बाईंच्या पदराला हिसका दिला. बाई वळल्या, गोऱ्यामोऱ्या झाल्या. मॅडमनी हे बघितलं.

थोड्या वेळानं आबा आले, मागं दीपक, त्याच्या मागं सुप्रिया संस्कृतीला कडेवर घेऊन. टेंगूळ उतरून पिवळं पडलं होतं. बाई दिसल्याबरोबर पोरगी मासोळीसारखी कडेवरून सुटली, धावत जाऊन बाईंच्या गुडघ्याला बिलगली आणि वर बघून तोंडावर बोट ठेवलं.

"बघा मॅडम," आबा म्हणाले. "तोंड बगितल्याबरूबर पुन्यांदा गप. घरात तर कहर हाय. रोज सकाळी दारात जाती, तोंडावर बोट ठिवती आन रडती. भ्यालंय पोर."

मॅडम म्हणाल्या, मूल घाबरलं की बिलगत नाही. आबा म्हणाले, मारक्या बैलालासुद्धा वासरू बिलगतं. दीपक बापाकडं आणि मॅडमकडं आळीपाळीनं बघून मान हलवत होता, आणि गिरणी तर बंद होती.

तेव्हा सुप्रिया बोलली. सासऱ्यापुढं तिनं आजवर 'चहा घ्या' यापलीकडं वाक्य बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं.

"मामा, भ्यालेलं पोर चपला घालून दारात बसतंय का?"

आबांनी वळून बघितलं.

"रोज सकाळी ती माझ्या हातात चपला आनून देती. दप्तर गळ्यात घालती. मग तोंडावर बोट ठिवती आन ह्या बाजूला हात दावती. आपल्याला वाटतंय, ती गप बसा म्हनती. न्हाय ओ. दिवसभर बाई काय करत्यात? तोंडावर बोट. जेवताना तोंडावर बोट, गोष्ट सांगताना तोंडावर बोट. तिला काय ठावं, त्येचा अर्थ काय त्ये. तिला वाटलं, ह्येच बाईंचं नाव. ती हाक मारती बाईंना."

बाई गुडघ्यापाशी उभ्या असलेल्या पोरीकडं बघत राहिल्या. हाताची घडी, तोंडावर बोट: किती पोरांना त्यांनी हे सांगितलं असेल. सगळी पोरं गप्प बसली होती. एकीनं तेवढं ते बोट उचलून त्याचं नाव केलं होतं.

पण आबा ऊसवाले. फडाच्या ह्या टोकाला आग लागली तर वारा कुठं जाणार, ते त्यांना आधी दिसतं. ते सावकाश म्हणाले, "असं व्हय. मंग आमी इचारलं, कुणी मारलं. आन तिनं बाईंचं नाव सांगितलं."

सुप्रियाचं तोंड उतरलं. बाईंना सोडवायला गेली आणि तिनंच गाठ आवळली. मॅडमनी बाईंकडं बघितलं. चौकटीचं बाईंनी सांगून झालं होतं. सरुबाईनंही ते बघितलं होतं, पण ती बाईंच्या बाजूचीच, तिचं कोण धरणार?

आणि नेमकी गिरणी सुरू झाली.

भिंत थरथरली, खिडकीच्या गजांवरचं पीठ उडालं. आबांचं तोंड हलत राहिलं, टोपी हलत राहिली, पण आवाज म्हणून नव्हता. मॅडमनी कानावर हात ठेवून काही तरी विचारलं. दीपकनं मान हलवली. मोठी माणसं पाण्याबाहेरच्या माशासारखी नुसती तोंडं उघडत मिटत उभी होती.

पोरांना यात नवं काही नव्हतं. ती सवयीनं सरकली, गोल झाला, मोडलेला गोल बऱ्याच दिवसांनी भरला. बाईही सवयीनं मध्ये बसल्या. गिरणीच्या वेळेला काल काय काय झालं ते हातांनी सांगायचं, असा त्यांच्याकडं रिवाज होता. चौकशी चालू आहे हे क्षणभर त्या विसरल्या असाव्यात, किंवा विसरल्या नसाव्यात, कोण जाणे. त्यांनी गालात बोट खुपसलं. संस्कृती उठून उभी राहिली. बाईंनी स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि दोन्ही तळवे उघडे केले. काय झालं?

घरच्यांनी इतके दिवस विचारलं होतं, कुणी. काय झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

संस्कृतीनं आधी कान ओढला. ज्ञानेश. मग ती पळाली. मागं बघत पळाली, ज्ञानेश मागं लागलाय अशी. दाराच्या चौकटीपाशी थांबली, कपाळ हळूच चौकटीला लावलं, आणि मग अशी उताणी पडली की मॅडम खुर्चीतून उठल्या. पडल्या पडल्या तिनं तोंड उघडून रडून दाखवलं. मग उठली. तोंडावर बोट ठेवलं: बाई. हात पुढं करून उचलून घेतल्यासारखं केलं. स्वतःच्या तळव्यावर फुंकर मारली, आणि तो तळवा टेंगळावर ठेवला.

ज्ञानेशला राहवलं नाही. त्यानं उठून आपला कान ओढला, छातीवर हात मारला आणि सर्वांसमोर मान खाली घातली.

संस्कृतीनं आबांकडं बघितलं. आबा नुसतेच उभे होते. म्हाताऱ्या माणसांना एकदा सांगून कळत नाही हे तिला घरचा अनुभव म्हणून ठाऊक असावं. ती त्यांच्यापाशी गेली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. सावकाश. पडताना या वेळी जरा जपून पडली. शेवटची फुंकर तिनं आबांच्याच तळव्यावर मारली.

आबांनी टोपी डोक्यावर घातली.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी संभाजीआबांनी केली असं मी सांगितलं तर बावड्यात कुणी खरं मानत नाही. ते खाली बसले, नातीपुढं, जमिनीवर. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तळवे उघडे केले. मी? माझं काय?

संस्कृतीनं दोन्ही हातांनी नसलेल्या मिशांना पीळ दिला.

आबांचा हात आपोआप मिशीकडं गेला, आणि तिथंच राहिला. पोरीकडं त्यांच्यासाठी एक नाव होतं, कधीपासून कोण जाणे. ती ते रोज घेत असणार, आणि ते तिच्या बोलण्याची वाट बघत बसले होते.

गिरणी थांबली. रावजी भुवयांपर्यंत पांढरा होऊन दारात आला. म्हणाला, लाईट आली म्हणून म्हशीचा भरडा काढला, तुमची काही अडचण झाली नाही ना? लाईट सकाळपासून होती.

मॅडमनी चौकशी तिथंच मिटवली. निघताना त्यांनी बारामतीच्या एका शाळेचं सांगितलं. ऐकू न येणाऱ्या मुलांची, राहायची सोय असलेली. तिथं हातांची पुरी भाषा शिकवतात, कानाला यंत्र लावून बघतात, आणि हे जितक्या लवकर होईल तितकं चांगलं. दीपक आणि सुप्रियानं आबांकडं बघितलं. आबांनी बाईंकडं.

"बाई, तुमी काय म्हंता?"

बाईंनी त्यांच्या ओठांकडं लक्ष देऊन बघितलं होतं, म्हणून प्रश्न कळला. त्या 'राहू दे' म्हणाल्या असत्या तर आबांनी पोरीला हलवलं नसतं. गिरणी होती, गोल होता, काय कमी होतं? सरुबाई मागं उभी राहून मनात 'राहू दे म्हणा, राहू दे म्हणा' करत होती, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

"हितं तिला माझ्यापुरतं बोलता यील, आबा," बाई म्हणाल्या. "तितं सगळ्यांसंगट यील. धाडा."

मॅडम जाताना बाईंच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. हळू, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, की इंदापूरला कान तपासायचं शिबिर आहे, पोरांना घेऊन या. आणि आलाच आहात तर तुम्हीही बसा. यात तक्रार नव्हती. बाईंनी मान हलवली. ही मान खरी होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी सगळा गोल एसटीच्या थांब्यावर आला होता. सोनम नव्हती, तिची टोळी हंगाम संपल्यावर परत गेली होती. तिच्या जागी ज्ञानेशनं दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला आणि संस्कृतीनं मान हलवली. आबांनी नवी ट्रंक स्वतः आत चढवली. पोरीला त्यांनी खिडकीची जागा धरून दिली, आणि सुप्रियाच्या शेजारी बसून मिशीला हात लावत राहिले. कंडक्टर एका पाटलाशी पोत्यावरून मोठमोठ्यानं भांडत होता.

घंटी झाली. ती बाईंना ऐकू आली नाही. सरुबाईनं दंड धरून मागं ओढलं तेव्हा गाडी हलली हे कळलं. खिडकीत संस्कृतीचं तोंड होतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. काढलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा. गाडीतल्या लोकांना वाटलं, पोरगी गप बसा म्हणते. कंडक्टर वरमला, पाटील वरमला, आणि ती एसटी निरवांगीपासून बारामतीपर्यंत एक अक्षर न बोलता गेली असं सांगतात. त्या सगळ्या शांततेत एक पोर आरोळ्या मारत होतं.

बाईंनी गालात बोट खुपसलं. गाडी वळणाआड गेली, धूळ खाली बसली. पोरं पांगली, सरुबाई खिचडी टाकायची म्हणून पुढं गेली. बाईंचं बोट गालावरच होतं.

रावजी मागं उभा होता. गिरणी उघडायची वेळ झाली होती. त्यानं मागून हाक मारली, "बाई, चला." मग जरा मोठ्यानं मारली. बाई वळल्या नाहीत. रावजीनं हात धोतराला पुसले. मग तो वळसा घालून त्यांच्यासमोर आला, आणि त्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"आले," बाई म्हणाल्या, जरा मोठ्यानंच.